नऊ नंबरचा बिल्ला

कॉलेजची गाडी मी एकोणीस वर्षं चालवतो आहे. एकही माणूस मागं राहिलेला नाही. हे आधी सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना मला कुणी गाफील समजू नये.

त्या शनिवारी चौदा पाहुण्या पोरांना शहर दाखवायला निघालो. कॉलेजांची आपसात अदलाबदल असते. आपली चौदा तिकडं परदेशात, त्यांची चौदा इकडं मराठी शिकायला, सहा महिन्यांसाठी. दोन दिवसांची सहल, एक मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. साधं काम.

शाळा मी चौथीत सोडली. नावांची यादी वाचत बसणं मला जमत नाही आणि डोकी मोजणं पटत नाही, पोरं जागेवर बसत नाहीत. माझी पद्धत खाणीतली आहे. दाराशी लाकडी फळी, फळीवर चौदा खिळे, खिळ्यावर नंबराचा पितळी बिल्ला. उतरताना आपला बिल्ला घ्यायचा, चढताना परत अडकवायचा. फळी भरली की गाडी सुटते.

पोरांना मजा वाटायची. एक लंबू होता, त्यानं विचारलं, "आजोबा, बिल्ला हरवला तर?"

"तर तूही हरवलास."

सगळे हसले. मी हसलो नव्हतो.

ही फळी आमच्या टोळीची. खाण बंद पडली तेव्हा मी मागून आणली. तेरा बिल्ले जुने होते. नऊ नंबर नव्हता, तो मी पत्रा कापून केला, खिळ्यानं आकडा ठोकला. तो एका गप्प मुलीच्या वाट्याला आला. सतत वहीत चित्रं काढायची, म्हणून पोरं तिला वहीवाली म्हणत.

"माझाच का पत्र्याचा?" तिनं विचारलं.

"हातानं केलेला आहे. नीट ठेव."

याहून जास्त बोललो नाही. आज सांगतो. नऊ नंबर माझा होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी मी रात्रभर पत्ते कुटत बसलो आणि सकाळी ताप आल्याचं सोंग केलं. थोरल्या भावाची त्या दिवशी सुट्टी होती. तो म्हणाला, "झोप. मी जातो तुझ्या पाळीला." माझा बिल्ला घेऊन तो खाली उतरला. दुपारी खाणीचं छत बसलं. बाकीचे वर आले. तो आला नाही, बिल्लाही आला नाही. वहिनी तेव्हापासून माझ्या घरी आहे. तो सुट्टीच्या दिवशी खाली का गेला, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

रविवारच्या कागदावर शेवटी 'संग्रहालय' असं काहीतरी लिहिलं होतं. मी तो कागद नीट वाचला नाही. रस्ता नवा होता, पत्ता विचारत विचारत गेलो. धुक्यातून ते मोठं लोखंडी चाक वर आलं तेव्हा कळलं, ही आमचीच खाण. आता तिकीट काढून लोक बघायला येतात.

मी गाडीतून उतरलो नाही. पोरं साडेतीनला पिंजऱ्यातून, म्हणजे खाणीच्या लिफ्टमधून, खाली गेली, साडेचारला वर आली. धुकं इतकं होतं की माणूस पायरीशी आल्यावरच दिसायचा. कानटोप्या ओढलेल्या, हात खिशात. माझ्या गाडीची पहिली पायरी सैल आहे, पाय पडला की करकरते. एकेक करकर ऐकली. एकेक बिल्ला खिळ्यावर वाजला. शेवटी फळीकडं पाहिलं. भरलेली होती. निघालो.

अर्ध्या तासानं वहीवालीची खोलीतली मैत्रीण पुढं आली. माझ्या सीटची कड तिनं घट्ट धरली.

"आजोबा, गाडी थांबवा."

"मळमळतंय का?"

"वहीवाली नाहीये."

"फळी भरली आहे, पोरी."

"मी इतका वेळ तिच्याशी बोलत होते... मागच्या सीटवर. टोपी खाली ओढून बसली होती. बोलत नव्हती, वाटलं दमली असेल. स्वेटर द्यायला हात लावला तर..."

तिनं तळवा उघडून दाखवला. ओला, काळा. मागची सीट रिकामी होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

मी गाडी कडेला घेतली आणि फळी पाहिली. नवव्या खिळ्यावर पत्रा नव्हता. पितळ होतं, कडेनं हिरवं पडलेलं. त्यावरूनही पाणी ठिबकत होतं.

परत कसा गेलो ते आठवत नाही. मागं कुणीतरी मुसमुसत होतं. लंबू फोन लावत होता, लागत नव्हता. पोचलो तेव्हा पिंजरा चालवणारा फाटकाला कुलूप घालत होता. जुना माणूस, माझ्याच वयाचा.

"एक मुलगी खाली राहिली आहे."

"शक्य नाही. खाली जाताना चौदा, वर येताना चौदा." त्यानं मोजणीचं यंत्र पुढं केलं. जाणाऱ्यांचा एक आकडा, येणाऱ्यांचा एक. "मी काल लागलेलो नाही कामाला."

"मीही नाही. पिंजरा सोड."

"पंखा बंद करून तास झाला, बाबा. खाली हवा राहत नाही."

"म्हणूनच म्हणतो, सोड."

"वरून परवानगी..."

"मी नऊ नंबर," मी म्हणालो. असं का म्हणालो, ठाऊक नाही.

मग त्यानं पंख्याचा खटका दाबला, हातात विजेरी दिली आणि यंत्रावर पंधरावा आकडा चढवला.

पिंजरा खाली गेला तसा वास आला. ओलं लाकूड, कोळसा आणि तेलाचा दिवा. तिथं चाळीस वर्षांत तेलाचा दिवा जळलेला नाही. मी हाका मारत चाललो. हवा जड होती, छाती भरत नव्हती. हाक पुढं जायचीच नाही, तोंडासमोर पडायची. एकदा पडलो, गुडघा फुटला. मनात एवढंच होतं, पुन्हा माझ्या नंबरावर माणूस जायला नको. पाहिजे तर मला ठेव, पण ही परक्याची लेक आहे.

छत जिथं बसलं होतं तिथंच ती होती. भिंतीला टेकून, वही मांडीवर, ओठ निळे. काळोखात चित्र काढत होती.

"उठ, पोरी."

"उठता येत नाहीये, आजोबा... मघापासून."

"कुणी बसवलं तुला इथं?"

"एक काका होते. माझा बिल्ला बघितला आणि म्हणाले, माझी पाळी संपली, आता तू बस. ज्याचा नंबर आहे तो येईल न्यायला." तिनं आणखी एक रेघ ओढली. "त्यांच्याकडं पण नऊच होता..."

विजेरी वहीवर धरली. चेहरा भावाचा होता.

तिच्या मुठीत पत्र्याचा बिल्ला होता. मूठ सुटत नव्हती.

"दे इकडं. तो माझा आहे."

एकेक बोट सोडवलं. बिल्ला माझ्या खिशात गेला, तशी ती उठली. काहीच झालं नसल्यासारखी. तिला पुढं घालून पिंजऱ्यापर्यंत आलो, इशाऱ्याची दोरी ओढली.

वर पोरांनी तिला मिठीत घेतलं. पिंजरेवाला मात्र खाणीच्या विहिरीत वाकून ओरडत होता, "बाबा, तुम्ही कुठं आहात? दोरी ओढा..."

मी त्याच्या शेजारी उभा होतो. खांद्यावर हात ठेवला तेव्हा तो दचकला.

"तुम्ही कधी आलात? पिंजऱ्यातून ती एकटीच..."

"धुकं आहे," मी म्हणालो.

त्यानं यंत्र हलवून पाहिलं. खाली पंधरा, वर पंधरा. "सोळा पाहिजेत. जुनं झालंय हे," तो पुटपुटला, आणि दिवा घेऊन आत गेला. मागं वळून पाहिलं नाही.

मुलगी गाडीत चढली, पायरी करकरली. मी चढलो, करकरली नाही.

कॉलेजशी दार उघडलं. पोरं उतरली, चौदा वेळा पायरी वाजली. वहीवाली शेवटची. तिनं मागं वळून हात हलवला, पण माझ्या सीटकडं नाही, मागच्या सीटकडं. ती गेल्यावर पायरी पंधराव्यांदा वाजली.

घरी नऊला पोचलो. वहिनीनं दार उघडलं. मला ती भाऊजी म्हणते. 'अहो' ती एकाच माणसाला म्हणायची. ती माझ्या खांद्यावरून मागं पाहत होती, चेहरा पोरीसारखा झाला होता.

"अहो," ती म्हणाली, "केवढा उशीर केलात."

मग आत गेली आणि जेवण वाढलं. ताट एकच.

मी दारातच उभा राहिलो. तसं म्हटलं तर मला भूक नव्हती. त्या दिवसापासून ती लागलेलीच नाही.