हजार वॉटचा लाईट

रोहन, तो मोबाईल पालथा ठेव आधी. आणि जयू, खिदळायचं असेल तर खाली आईजवळ जाऊन बस. टाइमपासची गोष्ट नाहीये ही. आमच्या सुहासची आहे, फ्रीगंजातल्या स्टुडिओवाल्या सुहासची. त्यानंच मला सांगितली.

सुहास लग्नांची व्हिडिओ शूटिंग करायचा. अर्ध्या उज्जैनच्या वरमाला त्याच्या कॅमेऱ्यात आहेत. आता धंदा बसला, जुन्या कॅसेट पेन ड्राईव्हवर उतरवून देतो, बस. तर दोन डिसेंबर २०२४, सोमवार. भोपाळच्या गॅसकांडाला चाळीस वर्षं झाली म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच्या नातीच्या, गौरीच्या शाळेत कार्यक्रम होता. आणि सुहासकडे त्याची कॅसेट होती! चौऱ्याऐंशी साली हा एका लग्नासाठी भोपाळला गेलेला. उतरला होता टी. टी. नगरला, लांब, म्हणून वाचला. लग्न कसलं होतंय? तीन तारखेच्या रात्री हा शहाणा कॅमेरा आणि हजार वॉटचा हॅलोजन घेऊन सरळ हॉस्पिटलात गेला. जगाला दाखवायचं म्हणे.

गौरीनं विचारलं होतं, "आबा, तुम्ही तिथे काय केलंत?"

"लोकांना पाणी पाजलं," हा म्हणाला. साफ खोटं. आणि पोरगी भाषणात तेच सांगणार होती.

जेवणं झाली आणि सुहास खाली स्टुडिओत कॅसेट उतरवायला बसला. चाळीस वर्षांत त्यानं ती एकदाही लावली नव्हती. पडद्यावर हॉस्पिटलचा व्हरांडा आला. फरशीवर माणसंच माणसं. गॅसनं डोळे जाळले होते ना रे त्यांचे. लाल, सुजलेले, मिटलेले डोळे. खांबाला टेकून एक बाई बसली होती. अंगावर आपल्या भैरवगढच्या छपाईची ओढणी, सुहासनं लगेच ओळखली. मांडीवर लहान पोर. ओढणीचं टोक ओलं करून तिनं पोराच्या डोळ्यांवर धरलं होतं. तेवढ्यात कॅसेटमधून सुहासचाच आवाज आला, सव्वीस वर्षांचा, खणखणीत.

"बहनजी, इधर देखिए. आँखें खोलिए. बच्चे का मुँह दिखाइए."

बघा, म्हणजे काय सवय! लग्नात नवरी खाली मान घालून बसते, तिला हेच सांगून सांगून जिभेला वळण पडलेलं. तेच तिथे. त्या जळालेल्या डोळ्यांवर हजार वॉटचा उजेड टाकून. माझा दोस्त आहे, पण अजून संताप येतो मला त्याचा.

बाईचे ओठ हलत होते. काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं. सुहासचं तिच्याकडे लक्षच नव्हतं, त्याला घाम फुटला होता वेगळ्याच गोष्टीचा. उद्या हे गौरी ऐकणार. त्यानं तेवढा आवाज कापला आणि तपासायला पुन्हा लावून पाहिलं.

"आँखें खोलिए."

परत कापला. परत लावला.

"आँखें खोलिए."

या वेळी आवाज त्याचा नव्हता. बाईचा होता.

तिसऱ्यांदा त्यानं ते अख्खं दृश्यच उडवलं आणि कॉम्प्युटर बंद केला. घड्याळात बारा चाळीस. खोलीत काळोख. आणि मग... मागून उजेड आला.

कोपऱ्यात तो जुना हॅलोजन उभा असायचा. वीस वर्षं धूळ खात. वायर गुंडाळून ठेवलेली. बल्ब कधीच काढून टाकलेला.

तो पेटला होता.

मान भाजायला लागली. समोरच्या भिंतीवर सुहासची सावली. तिच्या शेजारी आणखी एक. बसलेली. मांडीवर काहीतरी घेऊन...

"भैया... इधर देखिए."

वळायचं नव्हतं त्याला. वळला.

डोळ्यांत मिरचीची पूड जावी तशी आग. पापण्या उघडेनात. घसा आवळला. श्वास... श्वासच पुरेना.

"आँखें खोलिए."

"बत्ती..." सुहासच्या तोंडून कसंबसं निघालं. "बत्ती बुझा दो..."

आणि म्हणता म्हणता त्याला कळलं रे. ती बाई तेच म्हणत होती तेव्हा. हेच तीन शब्द. हलणाऱ्या ओठांतून. यानं ऐकलेच नव्हते.

"नहीं काटूँगा!" तो ओरडला. "बच्ची को सब बता दूँगा! सब!"

...

अंधार. कितीतरी वेळ नुसता अंधार.

पहाटे त्यानं कॅसेट पहिल्यापासून पुन्हा उतरवली, आवाजासकट. गौरी उठली तेव्हा तिला समोर बसवून सगळं सांगितलं. पाणी पाजलं नव्हतं, हेही. पोरीनं पेन ड्राईव्ह दप्तरात टाकला. शाळेत व्हिडिओ लावून तिनं सांगितलं, "हा आवाज माझ्या आजोबांचा आहे. त्या बाईंनी लाईट बंद करायला सांगितला होता, त्यांनी ऐकलं नाही." एवढंच भाषण. घरी येऊन चार दिवस आबांशी अबोला. सुहास म्हणतो, त्या रात्रीपेक्षा ते चार दिवस मला जड गेले.

काय गं जयू? बल्ब नसताना लाईट लागला कसा? मला काय विचारतेस, मी काय वायरमन आहे? मी गेलो होतो दुसऱ्या दिवशी बघायला. होल्डर रिकामाच होता. पण लाईटच्या तोंडावर एक पट्टी घट्ट बांधलेली होती, दुखऱ्या डोळ्यांवर बांधतात तशी. ओढणीतून फाडलेली. भैरवगढची छपाई. ओली.

आम्ही ती सोडली नाही. धीरच झाला नाही कुणाचा. या मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना, मी पुन्हा गेलो आणि तिला हात लावला.

अजून ओलीच आहे.