पाणी शिंपणारा बाप

भाद्रपदातली दुपार. गुडघाभर पाण्यात उभे राहून तुलेश्वरी आणि तिचे वडील हरकांत कुजलेल्या तागाचे वाख सोडवत होते. तेवढ्यात काठावरून कुणीतरी विचारलं, "सुपारीची रोपं इथंच मिळतात ना?"

मानसाई नदीच्या पलीकडचा असावा. चपला हातात, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"मिळतात," ती म्हणाली. "पण हा ताग संपेपर्यंत थांबावं लागेल."

"मग मीही उतरतो."

"वासानं पळाल."

"आमचा ताग काय अत्तरात कुजतो?"

हरकांत हसले. द्विजेन त्याचं नाव. संध्याकाळपर्यंत तो पाण्यात होता आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात वाखांचा गुंता करत होता. तो गुंता सोडवताना बोटं एकदा भिडली... मग दोघंही फार मन लावून काम करू लागली.

हरकांत आंधळे नव्हते. निघताना त्याला म्हणाले, "तुमच्याकडे मुलीला नवऱ्याच्या घरी नेऊन लग्न लावतात ना? बापानं काय घाटावरून हात हलवायचा? आमच्यात नवरीच्या अंगणात लागतं. जोडीवर बाप पाणी शिंपतो, तेव्हा कुठे लग्न."

"मग वऱ्हाडच इकडे आणू," द्विजेन बोलून गेला, आणि त्याचे कान लाल झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हरकांत उठलेच नाहीत.

वर्षभर द्विजेन रोपं न्यायला येत राहिला. मग पान-सुपारी घेऊन त्याच्याकडचा मध्यस्थ आला. आईनं होकार दिला. अडलं एकाच जागी – पाणी कोण शिंपणार? शेजारचे उपेनकाका तयार होते. पण जो पाणी शिंपतो तो मुलीचा बाप होतो, जन्मभराचा.

"मला बाप होता," तुलेश्वरी म्हणाली. "दुसरा नको."

"म्हणजे लग्नच नको?" आईनं विचारलं. तुलेश्वरी उठून आत गेली. मध्यस्थ रिकामा परतला.

चौथ्या दिवशी द्विजेन स्वतः आला.

"आज किती रोपं?" तिनं विचारलं.

"लावायला जागा उरली नाही." तो ओट्याच्या कडेला टेकला. "माझी आई याच काठची. तिच्या लग्नात आजोबा तापानं फणफणलेले, म्हणून एका नावाड्यानं पाणी शिंपलं. पुढे आजोबा गेले, तेव्हा ती त्या नावाड्याकडे गेली."

"आणि तो म्हणाला, मी आहे ना."

"नाही. तो काहीच बोलला नाही. तिच्याबरोबर रडत बसला."

तुलेश्वरीनं कुंपणापलीकडे पाहिलं. मग उठून शेजारच्या अंगणात गेली. उपेनकाका मासे धरायचा सापळा विणत होते.

"काका, पाणी शिंपाल?"

काकांनी मान वर केली नाही. "हरकांतसारखं जमणार नाही गं मला."

"त्यांच्यासारखं नकोच. तुमच्यासारखं शिंपा."

काकांच्या हातातली काडी दोनदा चुकली.

ती परतली तेव्हा द्विजेन कुंपणाशी उभा होता. "आईला विचारलं, काकांना विचारलं. मला कुणी काही सांगणार आहे का? वर्षभर नदी ओलांडतोय मी. तुझ्या तोंडून एक शब्द नाही."

"रोपं बरी लागली का, हे विचारलं होतं मी."

"सात वेळा."

ती हसली. मग हसू ओसरलं.

"हे आधी बाबांना सांगायचं होतं," ती म्हणाली. "त्या दिवशी, ताग सोडवताना. लाजले, आणि राहून गेलं." तिनं श्वास घेतला. "मला तू आवडतोस, द्विजेन."