वळसा

बीडच्या तेजश्रीचं नाव झालं ते लहान घरांमुळे. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं सुखाने राहतील अशी मांडणी ती करायची. त्याआधी कॉम्प्युटरवर असं हुबेहूब चित्र दाखवायची, की भिंतीत एक खिळा ठोकण्यापूर्वीच माणूस आपल्या नव्या घरात फिरून यायचा. "घर लहान नसतं," ती ठासून सांगायची, "आपलं चालणं वेडंवाकडं असतं."

वैशाखातल्या एका दुपारी ती सिरसाळ्याला गेली. बाजारपेठेत वीरेशचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे अकरा बाय पंधराची एकच खोली. त्या खोलीत तो, त्याची आई शांतादेवी आणि दोन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली रुद्राणी. खोलीचं काही जमलं नाही, तर नवराबायको परळीला भाड्याने जाणार होते. मग शांतादेवी एकटी पडली असती. म्हणून तेजश्रीला फोन करायला वीरेशला तिनेच लावलं होतं.

तेजश्रीची एक रीत होती. सामान बाहेर काढायला लावायचं, घरच्यांना रोजच्यासारखं चालायला सांगायचं आणि त्यांच्या मागोमाग खडूने रेघ ओढायची. शांतादेवी ओट्यापासून मोरीपर्यंत गेली. रुद्राणी कपाटाकडे गेली. वीरेश पोतं घेऊन आला.

तेजश्रीने उभं राहून पाहिलं. तिन्ही रेघा मागच्या भिंतीपाशी एकाच ठिकाणी वळल्या होत्या. वाटेत कुणी बसलेलं असावं, त्याला पाय लागू नये म्हणून आपण घालतो ना, तसा वळसा. आणि तिथे तर नुसती सपाट शहाबादी फरशी.

"इथं कशाला वळता हो सगळे?"

"कुठं? मी सरळच गेले की," रुद्राणी म्हणाली.

"आधी काही होतं का इथं? जातं, खांब?"

"न्हाई माय," शांतादेवी म्हणाली. "आमी जागा घेतली तवापासून मोकळंच हाय."

सवय असेल, असं तेजश्रीने ठरवून टाकलं. दोन महिन्यांच्या सुनेला ही सवय कुणी लावली, हा प्रश्न तिला पडला खरा, पण तिने तो बाजूला सारला. पडून असलेली जागा तिच्या लेखी सोनं होतं. भिंतीत मिटणारा पलंग तिथेच बसणार होता.

आठवड्याने ती चित्र घेऊन आली. लॅपटॉपवर खोली अशी ऐसपैस दिसत होती की वीरेश हरखून गेला. शांतादेवी मात्र बराच वेळ पाहत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "पलंग खाली आला की... तिनं पाय कुठं घ्यायचे?"

"कुणी?"

"काय कुणी?" शांतादेवीने दचकून विचारलं. आपण काही बोललो, हेच तिच्या गावी नव्हतं.

पलंग बसवला धर्मराज मिस्त्रीने. वीस वर्षांचा मुरलेला हात. भरदुपारी त्याने तेजश्रीला बोलावून घेतलं. लाईट गेली होती, पंखा थांबला होता आणि खोलीत ताज्या प्लायवुडचा वास कोंडला होता.

"ताई, बिजागऱ्या चोख हायेत. पर ह्यो खाली येईना."

त्याने पलंग सोडला. तो अलगद खाली आला आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांवर थांबला. धर्मराजने वरून भार दिला. पलंग जरासा दबला आणि परत वर आला.

"लाकडावर टेकल्यागत न्हाई ओ," तो कुजबुजला. "गुडघ्यावर टेकल्यागत वाटतंय..."

तेजश्री वाकली. खाली काही नव्हतं. तिने हात घातला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखी तिथली फरशी उबदार होती. शिकेकाईचा, ओल्या केसांचा वास आला. आणि तिच्या मनगटावरून काहीतरी हळूच सरकलं... पदराच्या काठासारखं.

तिने हात ओढून घेतला. दारात रुद्राणी रडवेली होऊन उभी होती. "आपण परळीलाच जाऊ," ती वीरेशला म्हणाली. शांतादेवीने डोळ्यांना पदर लावला.

म्हातारी एकटी पडेल, या विचाराने तेजश्रीला बळ आलं. ती फरशीवर मांडी घालून बसली आणि रिकाम्या भिंतीकडे बघत, गिऱ्हाइकाशी बोलावं तशी बोलली, "बाई, मला कुणी सांगितलं नव्हतं. माझं चुकलं. तुमाला किती जागा लागती, तेवढं मोजून घेते."

तिने टेप उघडली. धर्मराज पलंग भिंतीवरून सोडवून इंच-इंच सरकवत राहिला आणि तो कुठे अडतो, कुठे सुटतो ते ती लिहीत गेली. रुंदी सव्वादोन फूट. भिंतीपासून पुढे अडीच. तिने तिथल्या तिथे नवा नकाशा काढला. पलंग डावीकडच्या भिंतीला गेला, मध्ये सरकतं दार आलं आणि मागच्या भिंतीपाशी तेवढी फरशी कोनाड्यासारखी मोकळी सुटली.

चार दिवसांनी पलंग खाली आला तो थेट, टक् आवाज करून. परळीचा बेत मोडला. गावातली माणसं खोली बघायला येऊ लागली आणि तेजश्रीला त्याच महिन्यात सिरसाळ्यात आणखी तीन कामं मिळाली. तिसऱ्या महिन्यात ती फोटो काढायला गेली, तेव्हा शांतादेवीने तिला जेवल्याशिवाय सोडलं नाही. घर हसतं होतं. कोनाडा स्वच्छ पुसलेला होता, तिथली फरशी आता गार होती. कुणी वळसा घालत नव्हतं. तेजश्रीने हे लक्ष देऊन पाहिलं आणि समाधानाने निघाली.

परळीहून आलेली बीडची एसटी तिला लगेच मिळाली. तिला खिडकी मिळाली आणि शेजारची जागाही रिकामीच होती. तेलगावला गाडी खच्चून भरली. माणसं दांडीला धरून एकमेकांवर रेलत उभी राहिली. एक म्हातारी गाठोडं सावरत तिच्या सीटपाशी आली.

"बसा की आजी," तेजश्री शेजारच्या जागेकडे हात करून म्हणाली. "मोकळीच आहे."

म्हातारीने त्या जागेकडे मायेने पाहिलं आणि गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं.

"आसू दे, माय. पोटुशी बाईला कशापायी सरकवायचं..."