छपरावरची सोडणं कोणी नेली?

"गणपती डिचोलीला? भावाकडे? काकी, असं नका ना करू!" गौरवी रडकुंडीलाच आली.

"मग काय करू गो बाय? उद्या चवथ, आणि घरात बघ, चिखलच चिखल झालो!" देवकीकाकी झाडूने पाणी बाहेर लोटत होत्या.

काकींचं घर धारगळच्या वाचनालयाला लागून, सखल जागेत. वाचनालयाच्या सपाट छपराचं पाणी दर पावसात धो धो त्यांच्या दारात यायचं. म्हणून मे महिन्यात गौरवी, साईश आणि निखिल यांनी छपरावर बाग केली होती. खाली फुटकी कौलं, वर जुनी पोती, माती, गवत. आणि पाणी पडायच्या कडेला नारळाच्या सोडणांचा, म्हणजे सालींचा जाड बांध. सगळं टाकाऊ! पाऊस त्यात मुरायचा आणि हळूहळू खाली यायचा. मग आजच काय बिघडलं?

"कचरा तो कचराच! काढून टाका सगळं!" शेजारचे कृष्णनाथमामा गरजले.

तिघं शिडीवरून सरसर वर चढली. बांधच गायब!

"पण ओली सोडणं नेणार कोण?" निखिल चक्रावला.

"ज्याला ती साठवलेलं जळण वाटलं, तो!" साईशने बोट दाखवलं. मामांच्या न्हाणीतून धुराचे लोट निघत होते. चवथीचे पाहुणे आले होते ना, त्यांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं!

"विचारलं तर मामा कानांवर हात ठेवतील," गौरवी कुजबुजली. "थांबा, गंमत बघा!"

खाली येऊन ती मोठ्याने म्हणाली, "बरं झालं सोडणं गेली! माकडं येऊ नयेत म्हणून त्यांना खाजकुयली चोळली होती!"

"अरे देवा! तरीच सकाळपासून अंग खाजतंय!" मामा कराकरा दंड खाजवू लागले.

निखिल फिस्सकन हसला. "मामा, आम्ही काहीच चोळलं नव्हतं हो!"

मामांचं तोंड एवढंसं झालं. "मला वाटलं, कोणीतरी जाळायलाच वर टाकलीत..."

"आणि माझ्या गणपतीक घराभायर काढलात!" काकींनी सुनावलं.

मामा आपल्या खोपीत नेऊन ठेवलेली उरलेली सोडणं डोक्यावर घेऊन शिडी चढले. मुलांनी भराभर बांध रचला. दुपारी पाऊस कोसळला. सगळे श्वास रोखून वर बघत राहिले. आली ती फक्त बारीक धार!

"जमलं!" साईश भर पावसात नाचला.

काकींच्या घरातली जमीन सुकवायला मामांनी स्वतः घमेल्यातून निखारे आणले. "शाबास रे पोरांनो! माझ्या गोठ्यावरही असंच गवत लावा," ते म्हणाले.

देवकीकाकींनी पदराने डोळे पुसले. "डिचोलीक निरोप धाडा. गणपती घरीच बसतलो! आणि पयली आरती ह्या पोरांची!"