साबणाने धुतलेला तुंबा

टक्.

दुपारच्या झोपडीतली शांतता त्या एवढ्याशा आवाजाने मोडली. खुंटीवरचा दुधाचा तुंबा खाली आला होता आणि त्याचं चामड्याचं झाकण घरंगळत चुलीपाशी जाऊन थांबलं होतं. नाओमी तुंब्याच्या तोंडाला नाक लावून बसली होती.

"मावशी, याला अजून साबणाचा वास येतो गं."

"ठेव जागेवर," चेरोप म्हणाली.

एरवी ती नाओमीवर कधी करवादत नसे. बहीण गेली तेव्हा ही पोर रांगत होती. तेव्हापासून ती चेरोपच्याच कुशीत निजायची, तिच्याच ताटलीतली मक्याच्या पिठाची उगाली खायची. पण आज चेरोपचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. सकाळी शेळ्यांमागे असताना तिने मिशनवाल्यांची लॉरी मुरुनी नदीच्या कोरड्या वाळूतून वर चढताना पाहिली होती. टपावर एक गिटार बांधलेली होती... आणि ती तिच्या ओळखीची होती.

गिटारवाला गेल्या खेपेला आला तेव्हा त्याच वाळूत भेटला होता. अर्धी सकाळ उकरून तिने झऱ्याला पाणी आणलं, आणि भोपळ्याचं भांडं बुडवणार तोच त्यात एक बूट बुडाला. बुटाच्या वर सिमियू होता, बुंगोमाहून आलेला गाण्याचा मास्तर.

"पाणी शोधत होतो," तो ओशाळून म्हणाला.

"सापडलं की. आता प्या."

त्याच संध्याकाळी पाळकांचा घसा बसला आणि सिमियूचं स्वाहिली बोलणं लोकांना पोकोट भाषेत सांगायचं काम शाळा शिकलेल्या चेरोपच्या गळ्यात पडलं. तो एक गाणं शिकवी, मग हात हलवत लांबलचक बोले. चेरोप ते सगळं एका ओळीत आटपून टाकी आणि प्रार्थनेला पत्र्याखाली जमलेली माणसं हसत. तिसऱ्या गाण्यानंतर त्याने तिच्याकडे झुकून हळूच विचारलं, एवढं बोललो मी, तुम्ही एवढंसंच सांगितलंत? चेरोप म्हणाली, कामाचं सांगितलं, उरलेलं शेळ्यांना सांगा.

मग रोजच असं चाललं. प्रभूच्या प्रीतीबद्दल बोलताना तो नेमका तिच्याकडे बघे, आणि ते एक वाक्य काही केल्या तिच्या जिभेवर येत नसे. बायका एकमेकींना कोपराने ढोसत. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

तो निघाला तेव्हा चेरोपने घरातला सगळ्यात चांगला तुंबा घेतला. निखाऱ्याने आतून धुरी दिली, कोळशाची राख चोळली, त्यात दूध मुरवलं. त्याने तिथेच एक घोट घेतला. ओठावर निळसर करडी मिशी उमटली, आणि ती पुसायला तिचा हात आपोआप वर गेला... आणि अर्ध्या वाटेतून मागे आला. आई बघत होती.

या दरीतल्या मुली तोंडाने फारसं काही बोलत नाहीत. तुंबा देतात. तो परत येताना आत मूठभर ज्वारी असो, चिमूटभर मीठ असो, काहीतरी असलं की घराला कळतं, माणूस पुन्हा येणार. रिकामा आला की वाट बघणं संपलं. ही काय सांगायची गोष्ट आहे? म्हणून तिने सांगितली नव्हती.

लॉरीवाल्याच्या हातून तुंबा परत आला तो रिकामा. वर घासूनपुसून लख्ख, आतून साबणाचा भपका. आईने दारात तो उलटा धरला, आत डोकावून पाहिलं, खुंटीला टांगला आणि शेळ्या बांधायला गेली. त्यानंतर चेरोपने त्याला कितीदा धुरी दिली, राख चोळली. दूध त्यात टिकेचना. तरी तो फेकून देणं काही तिच्याच्याने झालं नाही.

दारातला उजेड अडला. "मावशी, तो गाण्याचा मास्तर आलाय," नाओमी म्हणाली.

सिमियू वाकून उभा होता. आत येऊ का, असं त्याने विचारलं.

"चहा पाळकांकडे मिळेल तुम्हाला," चेरोप चुलीकडे बघत म्हणाली.

त्या 'तुम्हाला'ने त्याचा चेहरा उतरला. तो मागे वळणार, इतक्यात नाओमीने उठून तुंबा त्याच्या हातात कोंबला. "याला वास येतो. तुमच्यामुळे."

त्याने तुंबा नाकाशी नेला. मग चेरोपकडे पाहिलं.

"हात सोलवटेपर्यंत घासला मी हा," तो हळू आवाजात म्हणाला. "आई म्हणाली, दुसऱ्याच्या घरचं भांडं लख्ख करून द्यावं. आत सगळं काळं चिकटलेलं... मला वाटलं, असा कसा पाठवू तुझ्याकडे?"

"रिकामा पाठवलास."

"मग काय पाठवणार? वाटलं, तू तो पुन्हा दूध भरून पाठवशील, म्हणून थांबलो. लॉरी आली की रस्त्यावर जाऊन उभा राहायचो. तो आला नाही. म्हटलं... तिला आता नकोय."

चेरोपला हसावं की रडावं कळेना. दोघंही एकाच तुंब्याकडे डोळे लावून बसले होते, तो तिकडे, ती इकडे. आणि तुंबा बिचारा खुंटीवर.

तिने चिमट्याने निखारा उचलला, तुंब्यात सोडला आणि तुंबा गोल गोल हलवू लागली. धूर दोघांच्या मधून वर गेला. "धर," ती म्हणाली. "असा. हळू. घाई केलीस तर तडकतो." त्याची बोटं तिच्या बोटांवर आली, आणि दोघांनीही ती काढली नाहीत.

रविवारची उपासना आटोपली, लॉरी निघायला झाली. चेरोपने भरलेला तुंबा त्याच्या हाती दिला.

"नीट ऐक, मास्तर. रिकामा पाठवायचा नाही."

"आणि साबण?"

"साबण अंगाला लाव."

तो हसला. "काय भरून आणू?"

"ते मी सांगायचं नसतं."

"आणि लॉरीवाल्याच्या हाती न देता... मीच घेऊन आलो तर?"

चेरोपने बाभळीकडे पाहिलं. तिच्या सावलीत, मातीखाली, बहीण निजली होती. पलीकडे आई एकटीच शेळ्यांना हाका मारत होती. "तर आई तुझ्याशी लग्नात द्यायच्या बैलांचं बोलेल," ती म्हणाली. तो म्हणाला की तिकडे त्याचीही आई एकटीच आहे. इतक्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला.

लॉरी वाळूत उतरली. धूळ खाली बसली, तरी चेरोप तिथेच उभी होती. हाताला धुराचा वास येत होता, साबणाचा नाही. नाओमीने तिचं बोट धरलं. रीत आता तिलाही पाठ झाली होती.

"तुंबा भरून आला, म्हणजे तो येणार. हो ना?"

"हो."

पोरीने बराच वेळ विचार केला. लांबवर लॉरी एवढीशी झाली आणि डोंगराआड गेली.

"मग मावशी, आपण तिकडे जायचं, की त्याने इथे राहायचं?"