तामार सापडली

ही गोष्ट खरी आहे. मानायची की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी कुणाच्या पाया पडणार नाही.

आधी एक सांगून टाकतो. आमच्या घरात भूतबित, करणीबिरणी काही चालत नाही. आम्ही नागपूरचे बौद्ध. लहानपणी कुणी म्हणालं की त्या चिंचेवर बाई दिसते, तर बाबा मला मुद्दाम त्या चिंचेखाली नेऊन उभं करायचे. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. पण वर्ष झालं, पोटात ठेवून ठेवून जीव नकोसा झालाय.

तारीख १३ जानेवारी २००७, शनिवार. जागा नेपरव्हिल, शिकागोच्या पश्चिमेला. वेळ दुपारी अडीचची.

हो, दुपारचीच. बाहेर फूटभर बर्फ आणि त्यावर डोळे दिपवणारं ऊन.

मी प्रितम. शॉमबर्गला एका कंपनीत डेटाबेसचं काम करतो. लाखो कस्टमर्सच्या यादीत एकच माणूस दोन नावांनी, दोन पत्त्यांवर असेल तर त्याला हुडकून काढायचं, एवढंच माझं काम. नाव बदललं, गाव बदललं, तरी माणसाचं काहीतरी तसंच राहतं. ते धरायचं. ऑफिसात म्हणतात, प्रितमच्या तावडीतून कुणी सुटत नाही.

मला तेव्हा याचा फार अभिमान होता.

धाकटी बहीण सोनल माझ्याकडेच राहायची. शिकागोला ट्रेनने जाऊन हिस्टरीत पीएचडी करत होती. आणि आई, गिरजाबाई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आली होती. घरात आम्ही तिघंच.

सोनलचा विषय होता अमेरिकेतली सुरुवातीची वर्तमानपत्रं. अडीचशे वर्षांपूर्वीची, चार पानी, आठवड्यातून एकदा निघणारी. त्यांचे फोटो फिल्मच्या रिळांवर लायब्ररीत मिळतात. ती दिवसभर मशीनवर बसून ती रिळं बघायची आणि प्रिंट काढून घरी आणायची.

त्या पेपरांत बोटींच्या बातम्या, चीज-लोखंडाच्या जाहिराती, आणि मध्येच पळून गेलेल्या गुलामांच्या जाहिराती. कोण पळालं, वय काय, अंगावर कुठे डाग आहे, कपडे कोणते. पकडून देणाऱ्याला बक्षीस.

"दादा, या लोकांचं दुसरं कुठेच काही लिहिलेलं नाही," सोनल म्हणायची. "जन्म नाही, लग्न नाही, काही नाही. ही एक जाहिरात. तीही त्यांना पकडायला लिहिलेली. आणि आज मला तेवढाच पुरावा आहे."

तिची गाइड मात्र अडून बसली होती. जाहिराती ठीक आहेत, पण पुढे काय झालं? एकीचा तरी शेवट शोधून दाखव, नाहीतर हा चॅप्टर काढून टाक. दोन वर्षांची मेहनत पाण्यात. सोनल रडकुंडीला आली होती.

मी म्हणालो, "रडून काय राहिली बे? हे तर माझं रोजचं काम आहे. सगळं डेटाबेसमध्ये टाकू. मी शोधून देतो."

बेसमेंटमध्ये माझं टेबल होतं. ती मोठ्याने वाचायची, मी टाइप करायचो. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक नाव मी परत मोठ्याने म्हणायचो. ऑफिसातली सवय.

त्या दुपारी तिने सप्टेंबर १७६४चा प्रिंट उचलला.

"नाव तामार. वय अंदाजे बावीस. डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग. उजव्या पायाने किंचित लंगडते. सूत उत्तम कातते. जाताना लहान मुलाचा एक सदरा घेऊन गेली आहे... मूल मात्र मागच्या हिवाळ्यातच वारलं."

सोनल थांबली. मी टाइप केलं आणि मोठ्याने म्हणालो,

"तामार."

आणि...

मागे कुणीतरी श्वास रोखला.

श्वास घेतल्याचा आवाज नव्हता. चालू असलेला श्वास एकदम बंद झाल्यासारखं. म्हणजे तोवर खोलीत तिसरा श्वास चालू होता, आणि तो आत्ता थांबला म्हणून मला कळला.

मी वळून बघितलं. कोणी नाही. वॉशिंग मशीन, सूटकेसेस, जिना.

"काय झालं?" सोनल म्हणाली.

"काही नाही. पुढचं वाच."

तामारची जाहिरात पाच वेळा आली होती. सहाव्या आठवड्यापासून बंद. ती परत मिळाली म्हणून बंद, की मालकाने नाद सोडला म्हणून? पेपर काही सांगत नव्हता. सोनलने पुढच्या सगळ्या अंकांत तुरुंगाच्या नोटिसा तपासल्या होत्या, कारण पकडलेल्या माणसाची नोटीस पेपरात यायचीच. तामारची नोटीस कुठेच नव्हती.

मला चेव चढला. मी म्हणालो, हीच शोधायची.

२४ जानेवारीला मी वर्णनं जुळवून बघणारा माझा प्रोग्रॅम लावला. ऑफिसातून आलो की साडेसहाला खाली जाऊन बसायचो.

पहिल्याच दिवशी बाकीच्या गावांच्या पेपरांतल्या जाहिराती टाइप करायला लागलो...

आणि मागे धाप लागली.

खूप धावून आलेलं माणूस तोंडावर हात दाबून श्वास घेतं ना, तशी. मी हात थांबवला. धाप थांबली. परत टाइप केलं. परत सुरू.

म्हटलं घर तापवणारी फर्नेस असेल. जाऊन फर्नेस बंद केली. थंडीने बोटं गारठली तरी बसून टाइप केलं.

धाप चालूच.

मग मी काय केलं असेल? घाबरून वर पळालो? नाही. माझं डोकं फिरलं. हेडफोन लावले आणि काम केलं. मी असाच आहे, एकदा हातात घेतलं की सोडत नाही. आई याला हट्टी म्हणते.

रविवारी सकाळी अकराला आई कपडे धुवायला खाली गेली आणि तशीच वर आली.

"कोण बसून आहे रे खाली?"

मी खाली गेलो. कार्पेटवर ओले पाय उमटले होते. अनवाणी, लहान. वॉशिंग मशीनपासून माझ्या टेबलाच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत. डावं पाऊल पूर्ण उमटलेलं.

उजवं... फक्त बोटं.

कोपऱ्यातून परत जाणारी पावलं नव्हती.

मी वर जाऊन खिडकीतून बघितलं, घराभोवतीचा बर्फ जसाच्या तसा. कुणी फिरकलं नव्हतं.

तेव्हा सोनलने तामारची सगळी हकीकत आईला सांगितली. कोण होती, काय घेऊन पळाली, आम्ही काय करतोय. आईने शांतपणे ऐकून घेतलं.

"ते पळाली ना?" आई म्हणाली.

"हो."

"मंग तुमी कायले शोधून राहिले तिले?"

सोनलने हातातला प्रिंट पालथा ठेवला.

"अगं आई, अडीचशे वर्षं झाली," मी म्हणालो. "आता शोधलं काय, न शोधलं काय."

आईने आपल्या लोकरीच्या चपला नेऊन त्या कोपऱ्यात ठेवल्या. भूत मानत नाही ती. पण बर्फात अनवाणी कुणी दिसलं तर तिला बघवत नाही.

संध्याकाळी सोनल माझ्याकडे आली. "दादा, नको. चॅप्टर गेला खड्ड्यात. मी गाइडशी बोलते."

"वा! एवढी रात्रंदिवस मरमर केली आणि आता नको?" मी ओरडलो. "तुझ्याच थीसिससाठी करतोय ना यार?"

खोटं बोललो. तेव्हा थीसिस बाजूला पडला होता. तामार मला सापडत नव्हती, याचा मला राग येत होता.

दर दिवशी मी अट थोडी सैल करत गेलो. वर्णन नव्वद टक्के जुळायला हवं, मग ऐंशी, मग सत्तर. दर वेळी तिचं नाव घ्यायचो आणि एंटर मारायचो. दर वेळी धाप जवळ आल्यासारखी वाटायची. एकदा तर माझ्या खुर्चीचीच पाठ हलली.

३ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी एक वाजता बासष्ट टक्क्यांवर एक नाव आलं.

अॅन.

दीडशे मैल लांबच्या गावातला पेपर. मार्च १७६५. एका विधवा बाईची साधी जाहिरात. आमच्याकडे लोकर कातून मिळेल, गिरणीजवळचं घर. आमची अॅन कातते. स्वतंत्र बाई आहे, पायाने अधू आहे, पण तिच्या हाताला या गावात तोड नाही.

मी वर जाऊन सोनलला प्रिंट दाखवला. ती वाचत गेली आणि तिचे डोळे भरून आले.

"सुटली दादा ती! नाव बदललं आणि सुटली! अख्खा हिवाळा काढला तिने तिथे."

आईने खरोखर हात जोडले. मग उठून शिरा केला. घरात लग्न ठरल्यासारखं वातावरण. मलाही खूप बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

शिरा खाऊन मी खाली गेलो. एकच काम उरलं होतं. प्रोग्रॅम नुसतं सुचवतो, दोन नावं एकाच माणसाची आहेत हे शेवटी माणसाने पक्कं करायचं असतं. ऑफिसात दिवसातून पन्नासदा करतो मी.

तामार म्हणजे अॅन. गाव, घर, तारीख.

"तामार," मी मोठ्याने म्हणालो, आणि बटण दाबलं.

धाप थांबली.

मग...

माझ्या खुर्चीला घासून कुणीतरी पळालं. जिन्याच्या लाकडावर पावलं वाजली, एक जोरात, एक हलकं, एक जोरात, एक हलकं. वर धाडकन दार उघडलं. थंडगार वारा जिन्यावरून खाली आला.

"कोण गेलं रे भाईर?" वरून आईचा आवाज आला.

मी धावत वर गेलो. पुढचं दार सताड उघडं. ड्राइव्हवेवरचा बर्फ कोरा होता.

त्यानंतर घरात काहीच झालं नाही. धाप नाही, पाऊल नाही. सोमवारी आई नागपूरला गेली. विमानतळावर पण तामारचंच कौतुक, "पोरीनं करून दाखवलं बापा." मला वाटलं, चला, संपलं.

गुरुवारी दुपारी सोनलचा लायब्ररीतून फोन आला. ती बोलत नव्हती. नुसती "दादा... दादा..." करत होती. मी ऑफिसातून निघालो आणि तडक शिकागो गाठलं.

ती मशीनसमोर बसली होती. पडद्यावर अॅनच्याच गावचा, त्या जाहिरातीच्या पुढच्या आठवड्याचा अंक. पान चार, खालचा कोपरा. तुरुंगाची नोटीस.

"हे पान मी नोव्हेंबरमध्ये वाचलंय," ती म्हणाली. "तीनदा वाचलंय. हे इथे नव्हतं."

मी वाचलं. इंग्रजी जुनं होतं, पण कळत होतं. मराठीत सांगतो.

'या गावी अॅन नावाने राहणाऱ्या एका स्त्रीस पकडून तुरुंगात ठेवले आहे. खांद्यावर भाजल्याचा डाग आहे. तिजवर कोणाचाही संशय नव्हता. परंतु तिचे म्हणणे असे, की गेले अकरा दिवस घराच्या भिंतीतून कोणी नखांनी ठोकत असल्याचा बारीक आवाज तिला येत असे, आणि एक पुरुष तिच्या पाठीशी उभा राहून तिला जुन्या नावाने हाका मारीत असे. शनिवारी भर दुपारी तो आवाज कानाशी आल्याने ती अनवाणी रस्त्यावर पळाली, आणि मीच तामार, मला सोड, असे सर्व लोकांसमक्ष ओरडली. मालकाने येऊन ओळख पटवून घेऊन जावे.'

मी प्रोग्रॅम लावला चोवीस जानेवारीला. बटण दाबलं तीन फेब्रुवारीला. दोन्ही दिवस धरून मोजा तुम्ही.

त्या पेपरात तिचं नाव परत कुठेच नाही. सोनल पुढची सगळी रिळं बघून बसली. मालक आला का, तिला कुठे नेलं, काहीच कळत नाही. तो चॅप्टर तिने स्वतःच फाडून टाकला. माझ्याशी ती बोलते, पण कामापुरतं. जर्सी सिटीला राहायला गेली.

लोक म्हणतील, पान वाचताना तिच्या नजरेतून सुटलं असेल. मीही मला रोज हेच सांगतो. बारीक छपाई, खराब फिल्म, दमलेली पोरगी. सुटू शकतं ना? पण अकरा दिवसांचं काय? आणि शनिवारचं?

मी त्या धापेला घाबरत होतो. मला वाटत होतं, ती मला छळतेय. ती बिचारी आपल्या घरात सूत कातत बसली होती, आणि तिच्या भिंतीत मी होतो.

डेटाबेसमधून तिचं नाव मी पुसलं. सगळा प्रोग्रॅम पुसला. लायब्ररीत जाऊन परत बघितलं.

नोटीस अजून आहे.

आई इंटरनेट वापरत नाही, म्हणून इथे लिहितोय. दर रविवारी तिचा फोन येतो. तब्येत, जेवण, बर्फ किती पडला, सगळं विचारून झालं की फोन ठेवायच्या आधी आवाज बारीक करून विचारते.

"ते पोरगी सुटली ना रे?"

"हो आई," मी म्हणतो. "सुटली."