पिल्लू मिळणार नाही

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली होती, आणि आतून सहा-सात आवाजांत कुणीतरी केविलवाणं रडत होतं.

दुरुस्तीला आलेल्या मेकॅनिकनं मेन बंद केला, चौथ्या मजल्यावर पालथं पडून दार हातभर सरकवलं आणि तो आत डोकावला. आधी दिसले एका तरुणीचे दोन टपोरे डोळे. त्यांत भीती नव्हती, थोडा राग होता. मग दिसली वेताची टोपली, आणि टोपलीत एकमेकांवर चढणारी सात तपकिरी पिल्लं.

"आधी ही बाहेर घ्या," ती म्हणाली. "उकाड्यानं कासावीस झालीत. माझं काय, मी थांबेन."

तो काही बोलणार, तोवर पहिलं पिल्लू वर आलंसुद्धा.

"मानेला धरू नका… खालून हात द्या. हं, आता छातीशी."

दोन पिल्लं हत्यारांच्या पिशवीत गेली, तीन शर्टात, दोन हातांवर. शर्टातल्या एकानं करायचं ते करून टाकलं. शेवटी त्यानं तिला हात दिला. वर येताना तिच्या केसांतला लाकडाचा भुसा त्याच्या बाहीवर सांडला. तिच्या ओढणीला दुधाचा, उबदार वास होता.

"फार घाम आलाय तुम्हाला," ती म्हणाली.

"वजन होतं…"

"म्हणजे माझंच की!" असं म्हणून ती हसली आणि पिल्लं पुन्हा टोपलीत भरून, टोपली कडेवर घेऊन पाचव्या मजल्यावरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जिन्यानं निघून गेली. तो मात्र ओल्या शर्टानं तिथंच उभा.

ते हसू काही केल्या त्याची पाठ सोडेना. डॉक्टरांच्या कंपाउंडरला गाठून त्यानं पत्ता काढला आणि येत्या रविवारी गावाबाहेरच्या तिच्या घरी हजर झाला. घरामागे पत्र्याची लांबलचक शेड होती, दोरीवर घोंगड्या वाळत होत्या. कुत्र्यांची पैदास हा तिच्या वडिलांचा धंदा. त्यांच्यामागे तो तिनं जिवापाड सांभाळला होता. येण्याचं निमित्त म्हणून त्यानं सांगून टाकलं, की थोरल्या बहिणीसाठी पिल्लू हवंय.

झालं! तिनं त्याची उलटतपासणीच घेतली. ताई घरात किती वेळ असतात, जिने किती चढावे लागतात, पिल्लानं गादी फाडली तर ओरडतील की हसतील… त्यानं सुचतील तशा थापा मारल्या. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, की तूर्त तरी पिल्लू मिळणार नाही. पुढच्या रविवारी या, बघू.

असे सहा रविवार गेले. दर वेळी नवे प्रश्न, दर वेळी नकार. रिकामं कसं बसायचं, म्हणून तो शेडच्या कड्या बसवून देई, बिजागऱ्यांना तेल घाली. हा माणूस पिल्लू न्यायला येतो की सुतारकाम करायला, असं तिच्या धाकट्या भावानं आईला विचारलं, तेव्हा आईनं नुसतं खोकून घेतलं.

सातव्या रविवारी पत्र्यावर पाऊस ताडताड वाजत होता. सहा पिल्लं एव्हाना आपापल्या घरी गेली होती. सातवं तिच्या मांडीवर झोपलं होतं, आणि त्यालाही संध्याकाळी एक म्हातारं जोडपं न्यायला येणार होतं.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मला आता… काहीच उरलं नाही."

"नव्हतंच कधी. तुम्हाला पिल्लू द्यायचं नाही, हे मी पहिल्याच रविवारी ठरवलं होतं."

"का?"

ती पिल्लाचा कान बोटांत घोळवत राहिली. "पिल्लू नेलेली माणसं परत येत नाहीत. फार तर फोन करतात. मला… नुसता फोन नको होता."

पाऊस वाजत राहिला. मग त्यानंही मनाचा हिय्या केला.

"मीही खरं सांगतो. ताईला कुत्रं जवळ आलं की शिंकांवर शिंका येतात. आणि मला कुत्र्यांची भीती वाटते."

"अजून?"

"अजून. त्या दिवशीचा घाम तुमच्या वजनाचा नव्हता."

ती अशी खळखळून हसली, की सगळी शेड एका सुरात भुंकायला लागली. त्याची पाचावर धारण बसली. तिनं हसतहसतच त्याचा हात घट्ट धरला.

लग्नानंतर भीती जायला दोन वर्षं लागली. पुढं तर बाळंतीण कुत्रीला खिमट भरवण्यापर्यंत त्याची मजल गेली. त्यांना मुलगी झाली, त्याच आठवड्यात घरातली कुत्रीही व्याली. बायको पलंगावरून दोन्हीकडचे हुकूम सोडत होती, आणि कुठलं दुपटं कुणाचं या गोंधळात त्याच्या नाकी नऊ आले.

नवव्या वर्षी मात्र परीक्षा झाली. तिच्या सगळ्यांत लाडक्या कुत्रीची नातवंडं मागच्या पायानं लंगडू लागली. दोष रक्तातूनच आलाय, डॉक्टर म्हणाले. धंद्यातल्या लोकांनी तिला गप्प राहायचा सल्ला दिला. तिनं मात्र त्याला स्कूटर काढायला लावली आणि त्या रक्ताची पिल्लं जिथं-जिथं गेली होती, त्या अकरा घरी स्वतः जाऊन सांगितलं, की चूक माझी आहे, उपचार मी करीन. एकानं तोंडावर दार आपटलं. ती खाली आली, स्कूटरवर बसली. त्याच्या पाठीवर तिचं कपाळ टेकलं, शर्ट ओला झाला. मग ती म्हणाली, "पुढचं घर कुठलं?"

त्या क्षणी तो तिच्या दुसऱ्यांदा प्रेमात पडला. तिच्याजवळ मात्र तसं बोलला नाही. तीही असलं कधी बोलत नसे, "अहो, फाटक लावलंत का?" हेच तिचं लाडाचं बोलणं. त्या रक्ताची पैदास तिनं तिथंच थांबवली. चार वर्षं दारात फारसं कुणी फिरकलं नाही. पुढं ज्यांनी तिचं नाव चार ठिकाणी सांगितलं, ती त्याच अकरा घरांतली माणसं.

एकतीस वर्षांचा संसार झाला. गेल्या थंडीत एका दुपारी, म्हाताऱ्या कुत्रीचे केस विंचरता-विंचरता ती गेली. हृदय थांबलं, म्हणाले. मुद्रेवर त्रासाची खूणही नव्हती.

तीन महिन्यांनी लेकीनं आईच्या आठवणीत सगळ्या पिल्लूवाल्यांना बोलावलं. दहा-बारा येतील असा अंदाज होता. आली सदतीस कुत्री, आणि त्यांच्या मागं ओढली जाणारी माणसं. अंगणात नुसता धुमाकूळ. एकानं बिस्किटांचं ताट पळवलं, दोघांनी जावयाला चिखलात बसवलं. खूप दिवसांनी तो पोट धरून हसला.

पण एका गोष्टीचं त्याला नवल वाटलं. ही अनोळखी माणसं त्याच्याशी जुन्या नातलगासारखी बोलत होती. गुडघा कसा आहे, दाढी करताना अजून गाता का… यांना हे कुणी सांगितलं?

एक निवृत्त शिक्षिका त्याच्याशेजारी येऊन बसल्या. त्यांनी सांगितलं, की प्रत्येक पिल्लाच्या वाढदिवसाला तुमच्या मिसेस त्या घरी फोन करायच्या, पाच मिनिटं पिल्लाची चौकशी आणि अर्धा तास तुमच्या गोष्टी.

"एकदा मी त्यांना विचारलं," बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला इतके प्रश्न विचारता, मग नवरा निवडताना किती विचारलेत? तर म्हणाल्या, एकही नाही. पिल्लाच्या बाबतीत चुकले तर भोगावं पिल्लाला लागतं. पण ह्यांच्या बाबतीत… मला चूकसुद्धा चालली असती."

त्यानं अंगणातल्या गोंधळाकडे पाहिलं. डोळे पाणावले होते आणि ओठांवरचं हसूही जात नव्हतं. मग त्यानं आपली खुर्ची बाईंच्या जवळ ओढली.

"आणखी काय काय सांगायची ती?"

"पुष्कळ. वेळ आहे ना तुम्हाला?"

"आहे की," तो म्हणाला. "अगदी पहिल्या फोनपासून सांगा."